पोढी, तलाव, बोडी आणि पाऊस-बाग : पडत्या पाण्याचा इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत धम्म, चळवळ आणि शिक्षण यांवर लेख असतात. ते असावेतच. या वेळी मात्र आम्ही एक साधा, रोजच्या व्यवहारातला विषय घेतला आहे. विषय आहे विहाराच्या छतावर पडणाऱ्या पाण्याचा. हे पाणी जाते कुठे? ते कुणाच्या दारात जाते? आणि ते जाऊ देणे बरोबर आहे का?

आपला आमगाव तालुका पावसाचा तालुका आहे. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तरीसुद्धा एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि बाया गुंड घेऊन हँडपंपावर रांगेत उभ्या राहतात. पावसाळ्यात पाण्यानं घर भरतं आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी घर सोडावं लागतं. एकाच वस्तीचे हे दोन हाल. आणि ही वस्ती बहुतेक गावांत उताराला असते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. गावाची आखणी ज्यांनी केली त्यांनी उंच, कोरडी जागा कुणाला दिली आणि सखल, ओली जागा कुणाला दिली, ते गावोगावी डोळ्यांनी दिसतं. म्हणून पाणी अडवणे हा आमच्या मते केवळ शेतीचा किंवा इंजिनिअरिंगचा प्रश्न नाही. तो शेजाऱ्याशी कसे वागावे याचा प्रश्न आहे. या प्रश्नाला आपल्या इतिहासाने काय उत्तर दिले, ते थोडक्यात पाहू.

रोहिणीचे पाणी

दरवर्षी वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोणते दिले आहे, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो घर सोडून गेला, ही जुनी कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदी वाहत होती. दोघेही तिचे पाणी शेतीला घेत. आधी कुणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून भांडण पेटले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे आपण निवडू, दोन त्यांनी निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा, असे त्याने सुचविले. संघाने ते मानले नाही आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले.

म्हणजे ज्या त्यागातून पुढे धम्म उभा राहिला, त्याच्या मुळाशी पाण्याचे वाटप होते. वरच्याने किती अडवावे आणि खालच्याला किती सोडावे, हाच तो प्रश्न. शेतीला पाणी कमी पडते तेव्हा तो एका बाजूने उभा राहतो, पावसाळ्यात पाणी जास्त होते तेव्हा दुसऱ्या बाजूने. पण प्रश्न तोच.

वर्षावासाची प्रथाही पावसातूनच आली. पावसाळ्यात भिक्खू चारिकेला निघाले की कोवळे अंकुर आणि बारीक जीवजंतू त्यांच्या पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला, असे विनयपिटकातील महावग्ग सांगतो. भिक्खू एका जागी राहू लागले, मग त्या जागेला छप्पर आले, छपराखाली वस्ती आली आणि वस्तीसाठी पाण्याची सोय करणे भाग पडले. विनयात विहिरीला झाकण कसे असावे, न्हाणीघराचे पाणी बाहेर कसे काढावे, तळ्याला विटांचे अस्तर कसे लावावे, अशा बारीक-सारीक गोष्टींचे नियम आहेत. पाण्यात घाण करू नये, हाही नियमच आहे. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात तर बागा लावणाऱ्याचे आणि पाणपोई, विहीर करणाऱ्याचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असा भाव आहे. बाग आणि पाणी तिथे शेजारी-शेजारी आले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डोंगरावरची पोढी

आता प्रत्यक्ष बांधलेले काम पाहू. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी एका डोंगरावर. तिथे नदी नाही, मोठा झरा नाही. पावसाळ्यात मात्र आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. मग शेकडो भिक्खू उन्हाळ्यात तिथे राहत कसे? याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. खडकाच्या उतारावर बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी बाजूला घेतलेले आहे, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात खडकात खोदलेले टाके आहे. या टाक्याला शिलालेखात ‘पोढी’ असा शब्द आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांतही पोढीच्या दानाचे लेख आहेत. म्हणजे लेणे कोरून देणारा जसा दानी, तसाच पाण्याचे टाके कोरून देणाराही दानी मानला जाई. आज विहाराला पंखा, घड्याळ किंवा फरशी दान देऊन आपण नाव लिहितो, तसे त्या काळी पोढी देऊन लिहीत.

या कामात एक शहाणपण आहे. डोंगराच्या पायथ्याशी एकच मोठे तळे करून तिथून पाणी वर वाहून नेण्याऐवजी, जिथे पाऊस पडतो तिथेच प्रत्येक दाराशी थोडे-थोडे पाणी थांबविले.

मध्य प्रदेशात सांचीच्या स्तूपाभोवती दुसरा प्रकार दिसतो. ज्युलिया शॉ या पुरातत्त्व संशोधिकेने तिथल्या टेकड्यांच्या पायथ्याशी पंधराहून अधिक जुन्या मातीच्या बांधांचा अभ्यास केला. त्यांतले कित्येक इसवी सनापूर्वीच्या एक-दोन शतकांतले असावेत आणि त्यांचे पाणी भातशेतीला दिले जात असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. टेकडीवर विहार, पायथ्याशी बांध आणि बांधाखाली धान. हे वाचताना आम्हाला आपलाच मुलूख आठवला. आपल्या भंडाऱ्याच्या पवनीतही १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. वैनगंगेच्या काठी बौद्ध लोक दोन हजार वर्षांपूर्वी राहत होते, याला आता पुरावा लागत नाही.

मामा तलाव

कान्हेरीहून आपण आपल्या गावाकडे येऊ, कारण पाणी अडविण्याच्या विद्येत आपला भाग कुणाला हार जाणारा नाही. भंडारा-गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून जवळपास सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. चांद्याच्या गोंड राजवटीत, जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, ही गोष्ट तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ टाकायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचे आणि जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून बाजूला सलंग ठेवायची. सलंगीतून निघालेले पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या बोडीत, बोडीचे बांधीत आणि बांधीचे धुरा ओलांडून पुढच्या बांधीत. असे पाणी टप्प्याटप्प्याने, दम खात उतरे. गावात ‘पाणकर’ असे, तो कुणाच्या बांधीला किती वेळ पाणी द्यायचे ते पाही. धीवरांना तलावात मासे मिळत, गुरांना पाणी मिळे, आणि गावाच्या विहिरी तलावाच्या झिरप्यावर भरून राहत.

मात्र हे सारे गोड-गोड सांगून थांबणे बरोबर नाही. तलावाची पाळ घालताना डोक्यावरून टोपली वाहिली ती कुणी? त्यांची नावे कुठल्या कागदावर नाहीत. मालगुजाराला जमीन मिळाली, कोलू पाटलाची कथा राहिली, मातीत राबलेले हात मात्र विसरले गेले. आणि ज्यांनी माती वाहिली त्यांच्या बायकापोरांना कित्येक गावांत भरल्या पाणवठ्यावर हात लावायची मुभा नव्हती. विद्या उत्तम होती, पण वाटप न्यायाचे नव्हते. आपल्या पाण्याच्या इतिहासाच्या या दोन्ही बाजू आहेत, आणि एकीच्या कौतुकात दुसरी झाकू नये.

१८६० च्या दशकात इंग्रजांनी केलेल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. पुढे १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्यावर बहुतेक तलाव त्यांच्याकडे गेले. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. पण त्यासोबत पाळीची डागडुजी करण्याची जबाबदारीही हवेत गेली. पाणीपट्टी कुणी भरायची आणि गाळ कुणी काढायचा, या वादात वर्षे निघून गेली. तलाव गाळाने उथळ झाले, पोटात अतिक्रमणे झाली, बेशरम माजली. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली ती या दुखण्यावरच. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर बांधवांना सोबत घेऊन तलावातल्या वनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचे काम केले. तलाव ज्यांचे जगणे आहे त्यांच्या हाती तो दिला की तो सुधारतो, हा त्यातला धडा आहे.

महाडपासून कटकपर्यंत

पाण्याच्या वाटपाचा प्रश्न ज्याने उघड्यावर आणला तो दिवस म्हणजे २० मार्च १९२७. महाडचे चवदार तळे हेदेखील साठलेल्या पाण्याचे गावतळेच. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, त्याला धरून महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. कोर्टातला वाद त्यानंतर दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

बाबासाहेब आणि पाणी म्हटले की बहुतेक वक्ते महाडला थांबतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना आणि महानदीवरच्या धरणाची आखणी त्यांच्या काळात पुढे सरकली, आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या पुरांबद्दल बोलताना त्यांनी जो विचार मांडला, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. जास्तीचे पाणी ही आपत्ती आहे आणि ते लवकरात लवकर समुद्रात लोटले पाहिजे, ही समजूतच चुकीची आहे. माणसाला पाणी जास्त झाल्यापेक्षा पाणी कमी पडल्याचा त्रास अधिक होतो, म्हणून ते साठवले पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय होता.

ते मोठ्या नद्यांबद्दल बोलत होते. पण हाच विचार विहाराच्या अंगणाला लावून पाहा. आज आपण काय करतो? छतावरचे पाणी पाइपाने नालीत, नालीतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून खालच्या वस्तीत लोटतो. लवकरात लवकर ‘बाहेर’ काढतो. त्या बाहेर कुणाचे तरी घर असते.

कवेलूचे घर आणि स्लॅबचे घर

आमच्या पिढीने दोन्ही काळ पाहिले. कवेलूच्या घराची पागोळी अंगणात मातीवर पडे. शेणाने सारवलेले अंगण संपले की सांदवाडी लागे. तिथे न्हाणीच्या पाण्यावर धोपा आणि कर्दळ माजलेली असे, कडेला वालाचा मांडव. कुणी त्याला योजना म्हणत नव्हते, पण पाणी तिथेच मुरत होते. गल्ल्या मातीच्या होत्या. चिखल होई, पाय भरत, मुलं घसरून पडत, ते खरे. सिमेंटचा रस्ता ही आपल्या वस्तीची जुनी मागणी होती आणि ती न्याय्य होती. चिखलात राहण्याचे गोडवे आम्ही गाणार नाही.

पण सिमेंटचा रस्ता, स्लॅबचे घर आणि फरशीचे अंगण एकत्र आले तेव्हा एक गोष्ट झाली, ती कुणी मोजली नाही. मातीत पाणी जितके मुरे तितके मुरायचे थांबले. हिशेब साधा आहे. १०० चौरस मीटर स्लॅबवर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, पाऊस पडला की २५०० लिटर पाणी खाली येते. दोनशे लिटरचे साडेबारा ड्रम! अशी पन्नास घरे एका उतारावर असली तर एका सरीत सव्वा लाख लिटर पाणी काही मिनिटांत खाली धावते. नाली कितीही रुंद केली तरी तिच्यात प्लास्टिकची एक पन्नी अडकली की पाणी कुणाच्या तरी चुलीत शिरते. मराठीत ‘पाणी कुठं मुरतंय?’ असं आपण संशयानं विचारतो. आता तोच प्रश्न सरळ अर्थानं विचारायची वेळ आली आहे. पाणी कुठंच मुरत नाही, हेच दुखणं आहे.

पाऊस-बाग म्हणजे काय

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस काउंटी नावाचा भाग आहे. तिथे १९९० च्या सुमारास नवीन घरांची वस्ती बांधताना रस्त्यावरून आणि छतावरून धावणाऱ्या पाण्याचे काय करायचे, असा प्रश्न आला. मोठे गटार आणि मोठे टाके बांधण्याऐवजी त्यांनी घराघराच्या अंगणात झाडे लावलेला एक उथळ खोलगा केला आणि छताचे पाणी त्यात सोडले. खर्चही बराच कमी आला. त्याला इंग्रजीत ‘रेन गार्डन’ म्हणू लागले. आपण ‘पाऊस-बाग’ म्हणू. चीननेही २०१५ पासून कित्येक शहरांत पाणी मुरविणाऱ्या बागा आणि मोकळ्या जागा करायला घेतल्या.

तिकडून आले म्हणून ते नवे वाटते. नीट पाहिले तर तो मामा तलावाचा सर्वांत लहान नातू आहे. त्याला पाळ आहे, सलंग आहे, वरून येणारा येवा आहे. फरक एवढाच की तलाव पाणी साठवतो आणि पाऊस-बाग ते एक-दोन दिवसांत जमिनीला पाजते. आपल्याकडचा शोषखड्डाही याच कुळातला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावाने घरोघरी शोषखड्डे करून नाल्या कोरड्या केल्या आणि डास हटविले. पण शोषखड्डा सांडपाण्यासाठी असतो, झाकलेला असतो. पाऊस-बाग उघडी असते आणि तिच्यात फक्त पावसाचे पाणी सोडायचे. सांडपाणी किंवा संडासाचे पाणी तिच्यात कधीही सोडू नये.

विहाराच्या अंगणात ती कशी करावी

आमची सूचना अशी की हे काम आधी विहारात व्हावे, म्हणजे लोक पाहून शिकतील. रीत सांगतो.

जागा : स्लॅबचे पाणी ज्या बाजूला उतरते त्या बाजूला, पण भिंतीपासून निदान दहा फूट दूर. नाही तर पायात ओल शिरते. विहीर, बोअर आणि संडासाची टाकी यांच्याजवळ नको. बोधिवृक्षाच्या मुळाशीही खोदू नये. पिंपळाची मुळे तुटतात आणि पाणी तुंबले तर झाडालाही ते मानवत नाही.

मातीची परीक्षा : एक फूट खोल खड्डा खणावा, पाण्याने भरावा, ते मुरू द्यावे आणि पुन्हा भरावे. दुसऱ्या वेळी तासाला अर्धा इंच तरी पाणी उतरले पाहिजे. आपल्या भागातली सिहार जमीन पाणी बऱ्यापैकी पिते. कन्हार जमीन चिवट, ती पाणी धरून ठेवते. तिथे बाग जास्त रुंद आणि कमी खोल करावी आणि खालची माती बदलावी.

माप : समजा विहाराचा स्लॅब ६०० चौरस फूट आहे. एक इंच पावसाचे त्यावरून ५० घनफूट, म्हणजे सुमारे १४०० लिटर पाणी येईल. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि सहा इंच खोल अशा बागेत बरोबर ५० घनफूट पाणी मावते. म्हणजे छताच्या सहाव्या हिश्शाएवढी जागा झाली. एवढी जागा नसेल तर अर्धी करा, अर्धे पाणी तरी थांबेल.

खोदकाम : सहा इंचांचा खोलगा वर मोकळा राहील अशा बेताने एकूण दोन फूट खोदावे. तळ सपाट ठेवावा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यात साचत नाही. मग निम्मी रेती आणि उरलेल्या निम्म्यात चांगली माती व कुजलेले शेणखत, असे मिश्रण दीड फूट भरावे. भरल्यावर त्यावर नाचू नये, धुमस तर मुळीच मारू नये. माती दबली की पाणी मुरत नाही. निघालेल्या मातीची खालच्या बाजूला पाळ करावी. पाइप जिथे पडतो तिथे चार दगड मांडावेत, म्हणजे धारेने खड्डा पडत नाही.

सलंग : हे विसरू नका. एका इंचापेक्षा जास्त पाऊस आपल्याकडे कितीदा तरी पडतो. पाळीवर एका जागी थोडी सखल वाट ठेवून तिच्यावर दगड बसवावेत आणि ती वाट नालीकडे वळवावी. सलंग शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडली तर सारा खटाटोप फुकट गेला म्हणून समजा.

झाडे : मधल्या भागात दोन दिवस पाण्यात आणि पुढे महिनाभर कोरड्यात टिकणारी झाडे हवीत. वाळा सर्वांत उत्तम, त्याची मुळे खोल जातात आणि माती मोकळी ठेवतात. सोबत कर्दळ आणि धोपा. काठावर गवती चहा आणि हळद, बाहेरच्या कडेला जास्वंद. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात हाताने पाणी घालावे लागते. आपला मे महिना कोवळ्या रोपाला सोडत नाही.

डासांची भीती काढतात, म्हणून सांगतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. पाऊस-बागेतले पाणी एक-दोन दिवसांत मुरले पाहिजे. चौथ्या दिवशीही पाणी दिसले तर बाग बिघडली आहे असे समजावे, वरचा गाळ काढावा आणि रेती मिसळावी. झड लागली असेल तर पाणी येतच राहते, तेव्हा दिवस शेवटच्या सरीपासून मोजावेत. मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा पाने, पन्नी व गाळ काढण्याचे श्रमदान करावे. मामा तलाव कशाने मेले ते आपण वर पाहिलेच. बांधण्याने नव्हे, न राखण्याने.

किती होईल, किती नाही

खोटी आशा दाखवणे आम्हाला पसंत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत हजारो घरे पाण्यात गेली. असा पूर अंगणातल्या बागेने थांबत नाही. तो धरणांचे दरवाजे, नदीकाठची बांधकामे आणि जंगलतोड यांचा प्रश्न आहे. नालीही लागेलच. उताराच्या वस्तीला चांगली नाली मिळवून देण्याची मागणी पाऊस-बाग केल्याने सोडून द्यायची नाही. ‘तुम्हीच खड्डे करा’ असे सांगून कुणी आपली जबाबदारी झटकू लागला, तर तेही ऐकून घ्यायचे नाही.

मग एका विहाराने शंभर चौरस फुटांची बाग केल्याने काय होईल? हिशेबाने सांगतो. ६०० चौरस फुटांच्या स्लॅबवर आपल्याकडच्या पावसाळ्यात ७० हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. त्यातला निम्मा भाग जरी मुरला तरी पस्तीस हजार लिटर पाणी खालच्या घरात न शिरता जमिनीत गेले. शेजारच्या विहिरीला ते दिसेल की नाही, हे एका बागेवरून सांगता येणार नाही. वस्तीतल्या पन्नास घरांनी केले तर दिसू लागेल. कान्हेरीतही एका पोढीने डोंगर राहता झाला नव्हता. प्रत्येक दाराशी पोढी झाली तेव्हा झाला.

तलाव बांधायला राजाची सनद लागली, मालगुजार लागला, आणि म्हणून त्या पाण्यावर हक्कही त्यांनीच सांगितला. धरण बांधायला सरकार लागते. पाऊस-बागेला यातले कुणी लागत नाही. दोन पावडी, चार टोपली रेती, वाळ्याचे दहा ठोंब आणि एका रविवारचे श्रमदान एवढ्यात ती होते. मालगुजाराशिवाय होणारा हा पहिला तलाव आहे. इथे टोपली वाहणाराच धनी, आणि मुरलेले पाणी विहिरीतून निघते तेव्हा ते कोणत्या घराच्या छतावरचे, असे कुणाला विचारता येत नाही.

रोहिणीच्या काठी सिद्धार्थाने शेजाऱ्याचा विचार आधी केला. आपल्या छतावरून उतरणाऱ्या पाण्याच्या बाबतीत तेवढा विचार आपणही करू शकतो. येत्या मृगाआधी विहाराच्या अंगणात पहिली कुदळ पडावी, आणि ती वस्तीतल्या सर्वांत खालच्या घरातल्या माउलीच्या हातून पडावी, अशी आमची विहार समितीला आणि सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे.